काल एक्केचाळीस

फोन दुपारी आला तेव्हा मी चिंच कोळत होते. लेआमावशींना सकाळीच हॉस्पिटलमध्ये नेलं होतं. त्यांचा मुलगा दानिएलदादा तिथून म्हणाले, "मंगल, आई गेली." मला रडू नंतर आलं. आधी मी फळीवरचं मापटं बघितलं. त्यात एक्केचाळीस चिंचोके होते. बरणीत आठ उरले होते...

लेआमावशी बेने इस्राएल, म्हणजे आपल्या कोकणातल्या ज्यू. त्या अलिबागकडच्या, मी रोह्याची. शारजात अल नहदा भागातल्या एका इमारतीत अकराव्या मजल्यावर पाच वर्षं मी त्यांचं जेवणखाण आणि दुखणंखुपणं बघितलं. मी कमी बोलते, पण त्यांना प्रश्न विचारायला मला कधी लाज वाटली नाही.

त्यांच्या वल्हांडण सणाच्या दुसऱ्या संध्याकाळपासून एकोणपन्नास दिवस त्या रोज मोजायच्या. त्याला ओमेर म्हणतात. ओमेर हे खरं तर जुनं धान्याचं माप. पूर्वी त्या दिवशी देवळात एक ओमेर सातू वाहायचे आणि तिथून पुढच्या सणापर्यंत दिवस मोजायचे. देऊळ गेलं, सातू गेला, मोजणं राहिलं. मी विचारलं, "पण ओमेर म्हणजे केवढं?"

"त्रेचाळीस अंडी मावतील एवढं."

"पीठ काय अंड्यांनी मोजतात, मावशी?"

"तुम्ही चिपट्याने मोजता ते चालतं होय? कोंबडी तरी सगळीकडे सारखीच!" मग त्यांनी माहेरचं पितळी मापटं काढलं. अशी चारपाच भरली की ओमेर होईल, म्हणाल्या. तेव्हापासून पीठ मी त्यानेच घ्यायची.

मोजायचं ते अंधार पडल्यावर. मगरिबची अजान झाली की मी तांदळाच्या भाकऱ्यांना बसायची. शेवटची भाकरी उतरेपर्यंत खिडकीबाहेर काळोख व्हायचा. एकदा तेवढ्यात मी विचारलं, "मावशी, आज कितवा?"

"काल वीस होता."

"मी आजचा विचारला!"

"आजचा आकडा तोंडातून गेला की मोजल्यासारखाच झाला. मग आधी बराखा, देवाची स्तुती, ती कधी म्हणू? म्हणून कुणी विचारलं तर कालचा सांगायचा." मला ही युक्ती फार आवडली.

आदल्या वर्षी आजारपणात त्यांचा एक अख्खा दिवस चुकला होता. तसं झालं की पुढे मोजता येतं, पण बराखा म्हणता येत नाही. त्याचं त्यांना फार लागलं होतं. या वर्षी एकोणपन्नास पुरे करायचेच, असं त्यांनी मनाशी धरलं होतं, पण आता आठवण राहत नव्हती. दादा म्हणाले, "आई, फोनमध्ये रिमाइंडर लाव ना." त्या म्हणाल्या, "फोनला कुठे माझी काळजी? मंगल आहे." म्हणून चिंचोके. मोजून झालं की एक मापट्यात.

तिसाव्या संध्याकाळी गोळीने त्यांना झोप लागली. किती दिवसांनी गाढ झोपल्यात, म्हणून मी उठवलं नाही. सकाळी लक्षात आलं, मोजणं राहिलं. दुपारच्या जेवणापर्यंत सांगायचा धीर झाला नाही. शेवटी सांगितलं. त्या हसल्या. "सूर्य आहे ना अजून? आता बराखा न म्हणता मोजते. उद्यापासून पहिल्यासारखं. पण मावळेपर्यंत गप्प बसली असतीस ना, तर खलास!"

त्या गेल्या त्या दिवशी दादा घरी आले तेव्हा अंधार पडला होता. ते तसेच स्वयंपाकघरात येऊन मापट्यापाशी उभे राहिले. "किती झाले होते गं आईचे?"

माझ्या तोंडून आपोआप गेलं, "काल एक्केचाळीस."

"म्हणजे आज बेचाळीस," ते म्हणाले आणि एकदम थांबले. कित्येक वर्षांत त्यांनी मोजलं नव्हतं, पण नियम लहानपणापासून माहीत होता. मी बरणी पुढे केली. त्यांनी एक चिंचोका उचलून मापट्यात टाकला.

पुढचे सात दिवस ते संध्याकाळी न सांगता येत राहिले. मुलाने मोजलेले आठ दिवस आईच्या मोजणीत धरतात का, हे मला अजून कळलेलं नाही. विचारायचं ते मावशींनाच विचारलं असतं...

मापटं चिंचोक्यांसकट फळीवर तसंच आहे. पीठ मी आता स्टीलच्या डब्याच्या झाकणाने घेते.