खलबत्त्याला लाल टॅग

ज्योतीराम तुपे यांनी बावीस वर्षांत चाकणच्या कंपनीतून एकही खोटा पार्ट बाहेर जाऊ दिलेला नाही. हे ते कुणालाही सांगतात. दिघीच्या रिक्षास्टँडवर त्यांच्या शेजारी दोन मिनिटं उभं राहिलं तरी सांगतात. माणूस फायनल इन्स्पेक्शनचा. ब्रेकचा पार्ट हातात घेतला की आधी त्याचा दोष दिसणार, मग पार्ट. घरीही तोच कारभार. मिठाच्या बरणीवर भरल्याची तारीख, लोणच्यावर लॉट नंबर. भाजी करपली की बायकोला, कौशल्याबाईंना विचारणार, "कारण काय? आणि पुन्हा होऊ नये म्हणून काय करणार?"

"पुन्हा करणारच न्हाई. तुम्हीच करा," कौशल्याबाई म्हणायच्या. बाई धाराशिवकडच्या. असल्या चौकशीला भीक घालणाऱ्या नव्हेत.

तर अशा माणसाच्या पोरीचाच नमुना फेल गेला.

योगिनी आठशे मीटर धावते. राष्ट्रीय स्पर्धेत तिनं ब्राँझ घेतलं, तिथंच लघवीचा नमुना दिला, आणि दीड महिन्यानं उत्तेजकविरोधी संस्थेचा मेल आला. नमुन्यात लघवी वाढवणाऱ्या एका औषधाचा अंश होता. ते औषध अंगातलं पाणी काढतं आणि पाण्याबरोबर दुसऱ्या औषधांच्या खुणाही धुऊन नेतं, म्हणून खेळाडूंना बंद. ते पोटात कसं गेलं हे सिद्ध झालं नाही तर दोन वर्षं मैदान बंद. आणि खेळाडूंच्या कोट्यातल्या नोकरीची निवड तर येत्या उन्हाळ्यात होती.

"पप्पा, मी काहीच घेतलं नाही," योगिनी म्हणाली.

"दोष आला म्हणजे कुठून तरी आला. शोधू," ज्योतीराम म्हणाले आणि रजा टाकून कामाला लागले.

पहिल्यांदा त्यांनी दूधवाल्या सोपानरावांना दारात उभं केलं. "खरं सांगा, दुधात काय घालता?"

"पाणी घालतो हो भाऊ! आईशप्पथ, दुसरं काही न्हाई!" सोपानरावांनी घाबरून पंधरा वर्षांचं गुपित फोडलं.

मग प्रोटीनच्या डब्याला लाल टॅग लागला. कंपनीत लाल टॅग म्हणजे संशयित माल, हात लावायचा नाही. तीन दिवसांत घरातल्या चौदा वस्तू लाल झाल्या. चौथ्या दिवशी चहापत्तीला लागला, तेव्हा कौशल्याबाई कंबरेवर हात ठेवून उभ्या राहिल्या.

"सगळ्यांना लावलाव. त्या खलबत्त्याला नाही लावला ते?"

"त्यात पोरीच्या दुधाचे बदाम कुटतेस तू. तुझ्यावर संशय घेऊ का?"

"मी कुटते सहाला. साडेपाचला तुम्ही काय कुटता?"

ज्योतीरामांनी हातातला टॅग खाली ठेवला.

खरी गोष्ट अशी, की त्यांना गोळी गिळता येत नाही. लहानपणापासून. घशाशी गेली की माघारी येते. लग्नाला सव्वीस वर्षं झाली तरी बायकोला पत्ता नव्हता. दोन वर्षांपूर्वी रक्तदाबाची गोळी मागं लागली. तेव्हापासून रोज, बाकीचे उठायच्या आत, गोळी खलबत्त्यात कुटायची, गुळात कालवून चाटायची, आणि फडक्यानं पुसून खलबत्ता जागेवर. त्यातच अर्ध्या तासानं पोरीचे बदाम.

"मला वाटलं, वेलदोड्याचा चहा करून एकटेच पिताय," कौशल्याबाई म्हणाल्या. "म्हटलं पिऊ दे, जाऊ दे."

ज्योतीरामांनी गोळ्यांचं पाकीट उलटं केलं. जगातलं सगळं बारीक अक्षर वाचणाऱ्या माणसानं ते पहिल्यांदा वाचलं. दुसऱ्या ओळीत मेलमधलंच नाव होतं. एका ट्रेमध्ये दोन जातींचे बोल्ट सापडले म्हणून याच माणसानं एकदा अख्खी लाइन थांबवली होती. ते खाली बसले, उठले, आणि खलबत्त्याला लाल टॅग लावून तो पिशवीत सील करून प्रयोगशाळेत पाठवला. तपासणीत दगडाच्या बारीक खड्ड्यांतून औषधाचा अंश निघाला.

वकील निरंजन खूश झाला. "झकास, काका. फक्त सुनावणीत गोळी का कुटता ते सांगावं लागेल."

"डॉक्टरांनीच कुटून घ्या म्हटलं, असं सांगितलं तर?"

"पप्पा," योगिनी म्हणाली, "तुमची लाज वाचेल. माझी दोन वर्षं जातील."

सुनावणी लॅपटॉपवर झाली. पलीकडे तिघांचं मंडळ: निवृत्त न्यायाधीश बाई, एक डॉक्टर आणि एक जुने गोळाफेकपटू. ज्योतीरामांनी सगळं सांगितलं, घाम पुसत, हिंदीत. संस्थेचे वकील मात्र हसले. अंश काय, खलबत्त्यात नंतरही टाकता येतो, म्हणाले. "पचपन साल का आदमी एक छोटी गोली नहीं निगल सकता? ये बात गले नहीं उतरती."

"गोली भी नहीं उतरती, साहब," ज्योतीराम कळवळून म्हणाले.

न्यायाधीश बाईंनी चष्मा काढला. "आज की गोली ली है?"

"नहीं. गडबड में रह गई."

"तो लीजिए. हमारे सामने."

कौशल्याबाईंनी पाण्याचा तांब्या आणला. ज्योतीरामांनी गोळी जिभेवर ठेवली, देवाचं नाव घेतलं आणि मान मागं टाकली. अर्धा तांब्या गेला. गोळी तिथंच. उरलेला अर्धा गेला. डोळे विस्फारले, गाल फुगले, निरंजननं कागद छातीशी धरले, आणि पुढच्या क्षणी गोळी उडून लॅपटॉपच्या पडद्यावर, बरोबर विरोधी वकिलांच्या कपाळावर चिकटली.

मग गोळाफेकपटूंचा आवाज आला. "मैडम, मेरी भी नहीं जाती थी. मैं केले में डाल के खाता था."

पंधरा दिवसांनी आदेश आला. बंदी नाही, फक्त ताकीद. मात्र त्या स्पर्धेचा निकाल रद्द, पदक परत. आणि मध्येच एक ओळ: साक्षीदारास गोळी गिळता येत नाही, याबद्दल मंडळाची पूर्ण खात्री पटली आहे. आदेश वेबसाइटवर लागला. कंपनीतल्या नवनाथनं तो कॅन्टीनच्या बोर्डावरही लावला. "तुपेभाऊ, जिलेबी कुटून देऊ का, जाईल ना?"

"दे की," ज्योतीराम म्हणाले. "आता काय राहिलंय."

पदक योगिनीनं त्यांच्याच हातात दिलं. "पॅक तुम्हीच करा, पप्पा." बोलली ती नीट, पण लगेच पाठ फिरवून बुटांच्या नाड्या बांधायला बसली. ज्योतीरामांनी पदक उलटसुलट करून पाहिलं. सवयीनं दोष शोधला. नव्हता. मग त्यांनी लाल टॅग घेतला, त्यावर 'जबाबदार' या रकान्यात स्वतःचं नाव लिहिलं आणि टॅग खिशात ठेवला.

"कारण कळलं," कौशल्याबाई दारातून म्हणाल्या. "पुन्हा होऊ नये म्हणून काय करणार?"

ज्योतीरामांनी पिशवीतून नवा पितळी खलबत्ता काढला. त्यावर स्वतःचं नाव रंगवलेलं होतं. त्याची जागा गॅलरीत, स्वयंपाकघरात आणायचा नाही.

दुसऱ्या दिवशी साडेपाचला योगिनी मैदानावर निघाली तेव्हा गॅलरीतून ठणठण सुरू झाली होती. खालच्या मजल्यावरून सोजरबाई ओरडल्या, "अहो तुपे! तुम्हाला गोळी जात न्हाई हे कळलंय अख्ख्या बिल्डिंगला! वाजवून काय सांगताय!"