जात्यात रोवलेला चिमटा

माझ्या मेहुण्याने सुरतेहून लोखंडी चिमटा आणून माझ्याच ओसरीवर मांडला, तेव्हा माझं डोकं असं तापलं की कपाळावर भाकर टाकली असती तर टम्म फुगली असती.

चिमटा कशाला, तर गळाला लावायच्या नकली माश्या बांधायला. बारीक हूक त्यात आवळायचा आणि दोन्ही हातांनी त्यावर कोंबड्याचं पीस दोऱ्याने गुंडाळायचं. पाण्यावर टाकलं की माशाला वाटतं, किडा पडला. हा नाद त्याला लावला मी. गोमाई नदीच्या काठावर बसून, हूक बोटांत धरून, बोटांची चाळण करून घेत शिकवला. आणि आता मी नुसता हात पुढे केला, तर हा म्हणतो,

“हात नका लावू दाजी. सुरतनी वस्तू शे.”

वर आणखी, “तुम्ही बोटमा धरतस, म्हनीसन तुम्हनी माशी पानीमा उकलस.”

माझी माशी उकलते! माझ्या माशीला चावलेला मासा तापीत अजून तोंड उघडं ठेवून फिरतोय!

“पुढच्या खेपेला ये,” मी गरजलो. “लोखंडाचा कण न लावता चिमटा करतो. तू जीव खाऊन हूक ओढ. निसटला तर तुमच्या दारात, साऱ्या पाहुण्यांत सांगेन की गुरू तू. नाही निसटला तर तू म्हणायचं, दाजी, खरी पकड तुमची. एवढे चारच शब्द.”

तो हसत हसत एसटीत बसला. ते हसू शहाद्यापर्यंत ऐकू येत होतं.

मी बांधावरची बाभूळ तोडली. रागात तोडली, त्यामुळे एका घावात पडली आणि शेजारची दोन घाबरून वाकली. तिच्या बेचक्यात वाळलेल्या बांबूचा तुकडा अंबाडीच्या वाखाने करकचून बांधला. बांबूचं टोक मधोमध चिरलं, की झाले दोन जबडे. बोकडाच्या शिंगाची कडी खालून वर सरकवली की जबडे असे मिटतात, जणू सावकाराची मूठ. राहिली बैठक. दांडा हलता कामा नये. ओसरीच्या कोपऱ्यात बायकोचं जातं होतं, लग्नात तिच्याबरोबर आलेलं. त्याच्या वरच्या तळीचा खुंटा उपटला आणि त्या भोकात बाभळीचा दांडा ठोकला.

पहिली माशी बांधायला बसलो. दोऱ्याचं टोक ओलं करायला जिभेला लावलं, आणि ब्रह्मांड आठवलं! आदल्याच दिवशी बायकोने जात्यावर लाल मिरची दळली होती. दोरा, पीस, बोटं, सगळं मिरचीत माखलेलं. त्याच बोटांनी मी डोळे पुसले. एवढं पाणी वाहिलं की कापसाला पाणी द्यायची एक पाळी भागली असती.

“फडकाघाई पुसाले काय व्हयनं व्हतं?” बायको म्हणाली. जातं फडक्याने पुसून घ्यायचं, हे खरंच सुचलं नव्हतं. रागावलेल्या माणसाला फडकं दिसत नाही.

मेहुणा आला. हूक जबड्यात घातला, कडी चढवली. त्याने पक्कडीने हूक धरला आणि ओढला. हूक हलेना. त्याने पाय रोवून ओढला, तेव्हा जात्याची वरची तळी घरघर फिरायला लागली. हूक सोडेना तो, आणि जबडा सोडेना हुकाला. गडी जात्याभोवती बैलासारखा फिरतोय, मिरचीची धूळ उडतेय, दोघंही शिंकतोय. नंदुरबारच्या मिरची बाजारात हमाल थबकले असतील.

दारातून बायको म्हणाली, “दळीच ऱ्हायनात ते पायलीभर उडीद टाकू का?”

शेवटी तो धापा टाकत बसला. हूक वाकला होता, पण जागचा हलला नव्हता. मी मिशीवर हात फिरवला. “बोल आता. चार शब्द.”

त्याने चिमट्याकडे पाहिलंच नाही. जात्यावर थाप मारली. “काय जातं शे! आम्हना घरनं शे ना!”

बायको खुदकन हसली. आपल्या भावाकडे बघून हसली.

पोटात आग अजून तशीच आहे. चिमटा मी त्याच संध्याकाळी उपटला आणि गोमाईतून बैलगाडीवर एक धोंडा आणला. सध्या त्याला भोक पाडतोय, रोज थोडं. दिवाळीला तो येईल तेव्हा चिमटा त्या धोंड्यात असेल. धोंडा माझ्या गावचा आहे, कोणाच्या माहेरचा नाही.