न शिवता पाडण्याची विद्या

विश्वात एक अशी शक्ती आहे, जी माणसाला बोटही न लावता चार पावलं मागे फेकते आणि जमिनीवर आपटते. एकतीस वर्षं पोरांना पदार्थविज्ञान शिकवलेला माणूस हे विधान पूर्ण जबाबदारीनं करतो आहे. ती शक्ती माझ्यावर चालली आहे. नगरला, सावेडीतल्या एका मंगल कार्यालयात, दीडशे माणसांच्या साक्षीनं.

चालवणारा माझा धाकटा भाऊ बापू.

बापू एसटीत होता. तिकीट खिडकीमागं बसून त्यानं आयुष्यभर लोकांना गाडी लागल्याचं सांगितलं. दोघंही निवृत्त झालो आणि माझी बायको गेली, तेव्हापासून तो रोज संध्याकाळी पाच वाजता माझ्याकडे येई. मी बोले, तो ऐके. मधूनमधून 'व्हय ना' म्हणे. दिवसभरातलं माझं बोलणं त्या एका तासात होई. बाकी तेवीस तास घरात बोलतो तो फ्रीज.

गेल्या दिवाळीनंतर बापू यायचा बंद झाला. पहिला आठवडा वाटलं, पाहुणे असतील. दुसऱ्या आठवड्यात गॅस बुक केला आणि फोनवरच्या रेकॉर्ड केलेल्या बाईला मी "धन्यवाद, तुम्ही कशा आहात?" असं विचारलं. तिनं एक दाबायला सांगितलं. मग मात्र मी चप्पल घालून बापूच्या घरी गेलो.

"ते क्लासला जातात," बापूची बायको कुसुम म्हणाली. "रोज पाच ते सात. ची शिकतात."

"काय शिकतो?"

"ची. चिनी शक्ती असते म्हणे. पोटात साठवायची आन् तळहातातून सोडायची. काल माझ्यावर सोडली. मी भाकरी थापत होते, मला काय कळलं नाही."

दुसऱ्या दिवशी मी क्लास पाहायला गेलो. मंगल कार्यालयाच्या दारावर फ्लेक्स होता. त्यावर काळ्या रेशमी पोशाखातले विश्वतेज सर, आणि त्यांच्या नावामागं इतक्या पदव्या की नाव शोधायला चष्मा पुसावा लागला. (सर पूर्वी घरोघरी पाण्याचे फिल्टर विकत. एक माझ्याकडेही आहे. गळतो.) आत वीसेक निवृत्त माणसं गाद्या अंथरून ओळीनं उभी होती. सरांनी डोळे मिटले, श्वास घेतला, तळहात पुढे ढकलले, आणि स्टँडवरच्या सायकली एकावर एक पडाव्यात तशी आठ माणसं धडाधड आडवी झाली. तिसरा बापू होता. फार छान पडला.

मी हात वर केला. "सर, मी उभा राहू का?"

सर हसले. "मनाची दारं बंद असलेल्यावर ची चालत नाही, काका."

"म्हणजे आधी विश्वास ठेवायचा, मग पडायचं?"

"बरोब्बर!"

"मग रस्त्यात चोर आडवा आला, तर त्याला आधी तुमचा फॉर्म भरायला लावायचा का?"

कोणीही हसलं नाही. बापूनं माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी देवळात शिंकलो होतो.

बाहेर आल्यावर तो म्हणाला, "दादा, तुला काय कळतंय रे त्यातलं? माझा गुडघा दुखायचा थांबला."

गुडघा थांबला होता, हे खरं. ताठ चालत होता. रोज दोन तास उभं राहून नीट श्वास घेतला की गुडघाच काय, माणूससुद्धा सुधारतो. त्याला मी ऊर्जा म्हणायला तयार नव्हतो, एवढंच. आणि आणखी एक गोष्ट मी पाहिली होती. तिथं सगळे त्याला 'बापूसाहेब' म्हणत होते. एसटीत त्याला इतकी वर्षं लोकांनी फक्त 'ओ खिडकी' म्हटलं होतं.

हे सगळं मला समजत होतं. पण मला माझा बापू परत हवा होता, रोज, पाच वाजता. त्यासाठी ची खोटी ठरवणं भाग होतं. मी शास्त्रशुद्ध प्रयोग मांडला.

"हे बघ बापू, माणसं भिडेखातर पडतात. सगळे पडतायत, मी कसा उभा राहू, असं त्यांना होतं. भीड नसलेला प्राणी घे. म्हैस घे! म्हशीला कुणाचंही काही वाटत नाही. पाडून दाखव, मी उद्यापासून क्लासला येतो. नाही पडली तर तू क्लास सोडायचा."

"चल," बापू म्हणाला.

म्हशी पाहायच्या तर घोडेगाव. बाजाराच्या दिवशी सकाळीच बापूच्या स्कूटरवर आम्ही गेलो. शेकडो म्हशी, शिंगांना रंग, अंगाला तेल. बापूनं एक धिप्पाड म्हैस निवडली. एक गिऱ्हाईक तिची कास चाचपत होतं, मालक कौतुक सांगत होता. बापू तिच्यासमोर दहा फुटांवर उभा राहिला, गुडघे वाकवले, श्वास पोटात नेला आणि दोन्ही तळहात पुढे ढकलले.

मालक ओरडला, "ओ पाव्हनं! काय हातवारं चाललंय म्हशीम्होरं?"

आणि म्हैस बसली.

आधी पुढचे पाय दुमडले, मग मागचा भार सोडला आणि निवांत रवंथ करू लागली. माझ्या एकतीस वर्षांच्या पदार्थविज्ञानाकडे तिनं ढुंकूनही पाहिलं नाही.

गिऱ्हाईक उठून उभं राहिलं. "बसली की राव! पायात दम न्हाई हिच्या."

"आरं पहाटंपासनं उभी हाय, कट्टाळली आसंल!" मालक म्हणाला. पण गिऱ्हाईक पुढच्या म्हशीकडे गेलंसुद्धा. मग मालक आमच्याकडे वळला. "काय केलं ओ तुमी? आं? बाजारात बसल्याली म्हस कोन घेतंय? उठवा आता तिला!"

बापूनं तळहात आभाळाकडे करून ची खालून वर सोडली. म्हैस कान हलवत राहिली.

"उठवा म्हन्तो ना!"

"उठवायचं अजून शिकवलं नाही हो," बापू अजिजीनं म्हणाला. "ते पुढच्या लेव्हलला आहे."

मालकानं काठी उचलली. म्हशीसाठी की आमच्यासाठी, हे बघायला आम्ही थांबलो नाही. स्कूटर कशी सुरू झाली ते आठवत नाही. पांढरीपूल येईपर्यंत बापूनं वेग कमी केला नाही. मग बापू वळून मोठ्यानं म्हणाला, "न शिवता बसवली, दादा! म्हस!"

"पुढे बघ," मी म्हणालो. दुसरं काय म्हणणार? प्रयोग माझाच होता. क्लासला मात्र मी गेलो नाही; म्हैस बसली होती, पडली नव्हती.

दोन दिवसांत क्लासच्या फ्लेक्सवर म्हैस आली. आठवड्यात बापूसाहेब 'वरिष्ठ साधक' झाले. सरांचा वार्षिक समारंभ जवळ आला होता, त्यात बापूचं प्रात्यक्षिक ठरलं. मी पहिल्या रांगेत जाऊन बसलो. सभा संपली की उठून दोन प्रश्न विचारायचे, असं ठरवून. ते घरी आरशासमोर म्हणूनही पाहिले होते. (आरसा गप्प ऐकून घेतो, पण 'व्हय ना' म्हणत नाही.)

बापू स्टेजवर आला. त्याच्यासमोर पडणारे नेहमीचे गृहस्थ तापानं फणफणले होते, म्हणून सर दुसऱ्या साधकाला खुणावत होते. तेवढ्यात बापूनं माईक घेतला.

"साधक कशाला? माझे थोरले बंधू इथं आहेत. पदार्थविज्ञानाचे सर. त्यांचा चीवर काडीचा विश्वास नाही. दादा, ये वर!"

विश्वतेज सरांचा चेहरा पडला. त्या संध्याकाळी सभागृहात न शिवता पडलेली ती पहिली गोष्ट.

मी वर गेलो. बापू दहा फुटांवर उभा राहिला. गुडघे, श्वास, तळहात. मी उभा. दीडशे माणसं पुढे वाकली. बापूनं पुन्हा श्वास घेतला, पुन्हा ढकललं. मी उभाच. मागून कोणीतरी खोकलं. एक जण कुजबुजला, "म्हशीपेक्षा जड दिसतोय."

मी जिंकलो होतो. नुसतं उभं राहायचं होतं, आणि या वयातही मला ते बऱ्यापैकी येत होतं.

तेव्हा बापूनं माझ्याकडे पाहिलं. तो चौथीत असताना शाळेच्या नाटकात शिपाई झाला होता. एकच वाक्य होतं, आणि तेच विसरला. भरल्या शाळेसमोर त्यानं विंगेत उभ्या असलेल्या माझ्याकडे असंच पाहिलं होतं. कपाळावर घाम, ओठ किंचित उघडे. तेव्हा मी वाक्य सांगितलं होतं. आता सांगण्यासारखं वाक्य नव्हतं. आणि मी उभा राहिलो तर उद्या पाच वाजता माझ्या दारात कोण येणार होतं? दीडशे माणसांसमोर ज्याला मी उघडा पाडला, तो?

बापूनं तिसऱ्यांदा हात ढकलले आणि मी पडलो.

पडलो म्हणजे मनापासून पडलो. एकदा पडायचंच तर बापूला शोभेल असं. चार पावलं धडपडत मागे गेलो, हात फेकले. पडण्यालाही सराव लागतो, हे मला कुठं ठाऊक? बाकीचे गादीचा अंदाज घेऊन पडत. मी गादी ओलांडून शहाबादी फरशीवर बसलो. जो आवाज झाला तो शेवटच्या रांगेपर्यंत गेला. माझी किंकाळी त्याच्याही पुढे.

टाळ्यांचा कडकडाट! सरांनी माईक हिसकावला. "विज्ञान झुकलं! विज्ञान बसलं!"

"मला उठता येत नाहीये," मी म्हणालो.

"येणारच नाही!" सर गरजले. "अजून वीस मिनिटं ऊर्जा वाहत राहील!"

वीस मिनिटं मी वाहत्या ऊर्जेत पडून होतो. मग रिक्षातून, एका कुशीवर, दवाखान्यात. माकडहाडाला तडा. त्या हाडाला प्लास्टर घालता येत नाही, डॉक्टर म्हणाले. मधे भोक असलेल्या उशीवर बसा आणि सहा आठवडे वाट पाहा.

बापू मात्र पांढराफटक पडला होता. "दादा, माझी ची जास्त झाली रे!"

"नाही रे बापू..."

"मी सांभाळून सोडायला पाहिजे होती. म्हस आन् माणूस यात फरक असतो!"

त्यानं क्लास सोडला. सर घरी येऊन विनवून गेले, तरी गेला नाही. "एखाद्याचा जीव जाईल माझ्या हातून," म्हणाला. आणि दुसऱ्या दिवसापासून, पाच वाजता, तो माझ्याकडे यायला लागला. मी पालथा झोपतो. तो माझ्या माकडहाडापासून फूटभर अंतरावर दोन्ही तळहात धरून अर्धा तास उभा राहतो. (खिडकी बंद ठेवतो. शेजारी चौकस आहेत.) मी उशीत तोंड खुपसून देशाच्या परिस्थितीवर बोलतो. तो 'व्हय ना' म्हणतो.

"फरक वाटतो का?" जाताना विचारतो.

"थोडा," मी म्हणतो.

मी त्याला खरं सांगायला हवं होतं, की तू निर्दोष आहेस, मी आपणहून पडलो. एकतीस वर्षं मी पोरांना सांगत आलो, की निरीक्षण लपवायचं नाही. दोनदा तोंड उघडलंसुद्धा. पण खरं कळलं की त्याचा घोर जाईल, घोर गेला की तो मोकळा होईल, आणि मोकळा माणूस पाच वाजता कुठंही जाऊ शकतो.

सहा आठवडे केव्हाच झाले. परवा डॉक्टरांनी हाडाचा नवा फोटो उजेडाला धरला. हाड जुळलं होतं. "आता कशावरही बसा," म्हणाले. बाहेर बापू स्कूटर चालू ठेवून उभा होता.

"काय म्हणाले, दादा?"

"म्हणाले, अजून महिनाभर तरी लागेल," मी सांगितलं, आणि सीटवर बसताना आठवणीनं कण्हलो.