व्हाइटफील्डमधली माझी उमेदवारी

ही गोष्ट मी बायकोलाही सांगितलेली नाही. गेल्या उन्हाळ्यात मी बंगळूरमधल्या व्हाइटफील्डच्या एका सॉफ्टवेअर कंपनीत काम करून आलो असं जे सगळ्यांना ठाऊक आहे, त्यातलं 'व्हाइटफील्डला गेलो' एवढंच खरं आहे.

बंगळूरबाहेर आनेकलजवळच्या एका पॉलिटेक्निकमध्ये मी प्रोग्रामिंग शिकवतो. आमची मुलं लेखी परीक्षेत पास व्हायची आणि कंपन्यांच्या मुलाखतीत पडायची. म्हणून प्राचार्यांनी ठरवलं, की सुट्टीत आधी मास्तरांनीच कंपनीत उमेदवारी करायची, काम कसं चालतं ते बघायचं आणि मग मुलांना तयार करायचं. मास्तर म्हणजे मी. बाकीच्यांच्या घरी लग्नं होती.

तिथली टीमप्रमुख निघाली माझीच जुनी विद्यार्थिनी, आमच्यासारखीच इथल्या जुन्या मराठी घरातली. मला बघताच ती खुर्चीवरून उठली. ती उठली म्हणून टीम उठली. तिथे टक्कल पडलेल्या साहेबालाही सगळे नावाने हाक मारतात, पण हिच्या तोंडून 'सर'शिवाय काही निघेना. थोड्याच दिवसांत मजल्यावर समज झाला, की हे कुणीतरी मोठे क्लायंट असावेत. वॉचमन सलाम ठोकू लागला. कँटीनमधला अण्णा न मागता वड्यावर जास्तीचं सांबार घालू लागला. मी कुणाचाही गैरसमज दूर केला नाही.

काम मिळालं ते चिमुकलं. ऑफिसच्या कॅबच्या ॲपमध्ये रद्द केलेली गाडी यादीतून जात नव्हती, ती घालवायची. इतकी वर्षं मी फळ्यावर खडूने प्रोग्राम लिहीत आलो. फळ्यावर कधी काही बिघडत नाही. इथे कुठल्या फाइलला हात घालायचा तेच कळेना.

रोज सकाळी सगळे गोल करून उभे राहत आणि प्रत्येकजण सांगे: काल काय केलं, आज काय करणार, कुठे अडलंय. पोरं बिनदिक्कत म्हणत, "कालपासून अडलोय, कुणीतरी बघा." लगेच कुणीतरी बघे. माझी पाळी आली की मी म्हणे, "अडलेलं काही नाही." जिला एकेकाळी वर्गाबाहेर उभं केलं होतं, तिच्यासमोर अडायचं कसं?

"सर, स्वल्प बघू का मी?" ती जेवताना हळूच विचारी.

"नको गं, होत आलंय."

शेवटच्या आठवड्यात एका सकाळी बघतो तर रद्द गाडी यादीतून गेलेली. मी काहीच केलं नव्हतं. गोलात ती म्हणाली, "सरांचं काम झालं." टाळ्या वाजल्या. मीही वाजवल्या, मग लक्षात आलं की त्या माझ्यासाठी आहेत.

कॉलेज सुरू झाल्यावर मी वर्गातही रोज गोल करायला लावला. "तिसऱ्या प्रश्नाला कंपनीत एकच उत्तर चालतं," मी ठणकावून सांगितलं, "अडलेलं काही नाही." मुलं छान तयार झाली. एकाचा प्रोग्राम सुरूच होत नव्हता, पण उत्तर मात्र तो खणखणीत द्यायचा.

वर्गातली सगळ्यात हुशार मुलगी त्याच कंपनीत मुलाखतीला गेली. तिच्या घरातली ती पहिलीच पगाराची नोकरी झाली असती. संध्याकाळी माझ्या जुन्या विद्यार्थिनीचा फोन आला.

"सर, प्रश्न मुद्दाम अवघड दिला होता. अडल्यावर विचारते का, एवढंच बघायचं होतं. बराच वेळ समोर कोरी स्क्रीन. कुठे अडलंय विचारलं, तर म्हणते, काही नाही. परत विचारलं. परत काही नाही."

"घाबरली असेल."

"घाबरलेली कुठली? कुणी शिकवलं विचारलं, तर अभिमानाने तुमचं नाव सांगितलं."

मी फोन दुसऱ्या कानाला लावला.

"पुढच्या खेपेला परत पाठवा सर. तोवर तिला अडायला शिकवा. जमेल ना तुम्हाला?"

"सरी, बरं," म्हणालो आणि फोन ठेवला.

दुसऱ्या दिवशी गोलात मी जाहीर केलं, की आता अडलं तर सांगायचं.

"कंपनीने नियम बदलला का सर?" एकाने विचारलं.

मी हो म्हणालो.

तास संपल्यावर ती मुलगी आली आणि तुमचं नाव घालवलं म्हणून माफी मागू लागली. मी तिला मोठ्या मनाने माफ केलं.

तिची पुढची मुलाखत जवळ आली आहे. ती चुकली नव्हती, चुकीचं मी शिकवलं होतं आणि तेही माझा अडाणीपणा झाकायला. हे तिला, गोलात सगळ्यांसमोर सांगायचं माझ्याकडून अजून बाकी आहे.