कपाळावरची खूण
मैद्याची खळ शिजायला लागली की तो वास मला अजून डोंगरकड्याजवळच्या शाळेत नेतो. नवी बदली होती, गावात माझं कुणीच नव्हतं. सातवीच्या मुलांकडून मी आफ्रिकेतले मुखवटे करून घेत होते; पालथ्या मडक्यावर खळीत भिजवलेल्या वर्तमानपत्राचे थर, वाळल्यावर गेरू आणि चुना. तिकडच्या काही लोकांत मुखवट्यावरच्या त्रिकोणांवरून, नागमोडी रेघांवरून माणूस कोणत्या कुळाचा ते कळतं, असं मी सांगितलं. नमुन्याच्या माझ्या मुखवट्याचं कपाळ मात्र कोरंच होतं. मेंढरं राखणाऱ्या घरातली एक पोरगी ते बघून म्हणाली, "मॅडम, तुमाला खूण न्हाई काहून?" तिनं गेरूत बोट बुडवलं आणि त्या कपाळावर दोन आडव्या रेघा, मधे एक ठिपका काढला. त्यांच्या मेंढरांच्या पाठीवर असते तीच खूण. "आता वाट चुकलात तरी कोणीबी आमच्याकडं आणून सोडतंय," ती म्हणाली आणि बोट फ्रॉकला पुसून जागेवर जाऊन बसली. पुढे गावं बदलली, भाड्याच्या खोल्या बदलल्या. मुखवटा मी दाराशीच टांगते. गेरू फिका पडला की खूण पुन्हा गिरवते. न जाणो, कधी वाट चुकले तर कुणाला तरी ओळखू यायला हवी.