फळ्यावरची रिकामी जागा

सावेडीच्या आमच्या कॉलेजात मी शिकवत होतो तो विमान दुरुस्तीचा कोर्स नवा होता. पाहणीला एका विमान कंपनीचे वयस्कर इंजिनिअर आले. त्यांनी होकार दिला तरच मुलांना कंपनीत उमेदवारी मिळणार होती. त्यांचं नाव विसरलो, बोट आठवतं. भिंतीवरच्या फळ्यावर प्रत्येक हत्याराची आकृती रंगवली होती. ते एकेका हत्याराला बोट लावत पुढे सरकत होते. एका रिकाम्या आकृतीवर ते थांबले. तिथला पाना नव्हता.

मिरजगावची एक विद्यार्थिनी पुढे आली. "सर, सकाळी माज्या हातनं इंजिनात पडला. मी सांगनारच हुते..."

मी तिच्यावर डोळे वटारले, तशी ती मागे सरकली. मी हसून म्हणालो, "साहेब, सरावाचं इंजिन आहे. ते कुठं उडणार आहे?"

"इंजिन नाही उडणार. पण ही उद्या उडणाऱ्या विमानाला हात लावणार आहे." मग ते तिच्याकडे वळले. "ये गं पोरी, त्या पान्यानं आत घर केलंय का बघू." बाह्या सरसावून ते तिच्याबरोबर इंजिन उघडायला बसले.

पाना सापडला. तिनेच तो फळ्यावर अडकवला.

निघताना ते मला हळूच म्हणाले, "मुलांना पाठवा. पण स्वतःची चूक सांगणाऱ्याकडे पुन्हा असे डोळे वटारून बघू नका."

अजूनही कुणी चूक सांगायला उभं राहिलं, की मी आधी नजर खाली घेतो.