ढोल थांबले तेव्हा
परळच्या प्रयोगशाळेत मी पेशी किती मऊ, किती कडक, ते मोजायचे. अतिसूक्ष्म सुई पेशीवर हलकेच टेकवत नेली की पडद्यावर तिचं चित्र उमटतं. एका दुपारी चित्रात नुसत्या लाटा दिसू लागल्या. खाली मैदानात ढोलपथकाचा सराव चालू होता. मी जाऊन पथकाच्या ताईंना थोडा वेळ थांबायची विनंती केली.

"काय सांगता! आमच्या ढोलांनी तुमची सुई हलते?" म्हणत त्या बघायलाच वर आल्या. त्यांनी खिडकीतून हात केला आणि ढोल थांबले. कर्करोगाची पेशी पडद्यावर स्वच्छ उमटली; ती निरोगी पेशीपेक्षा किती मऊ आहे, ते मी त्यांना दाखवलं.

"एवढी मऊ?"

"म्हणूनच ती आजूबाजूच्या घट्ट जागेतूनही निसटते," मी म्हटलं.

पथकाने अर्धा तास चहा घेतला आणि मला त्या दिवसाचं पहिलं नीट चित्र मिळालं.